करार लांबतो, त्याची किंमत कोण देतो?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या कारखान्यात मी कामगार संघटनेच्या वाटाघाटी समितीवर आहे. त्यामुळे रबाळे स्थानकाबाहेर भेटणारे नवे सहकारी असोत की ऐरोलीतले शेजारी, सर्वांचा प्रश्न एकच असतो: जुना वेतनकरार संपून वर्ष उलटले, तरी नवा का होत नाही? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

संपते ती कराराची मुदत, करार नव्हे. आमचे आजवरचे करार १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली झाले; त्याच्या कलम १९ नुसार मुदत सरल्यावरही, एका पक्षाने लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत, जुना करार बंधनकारक राहतो आणि व्यवहारात त्यानंतरही पगार, भत्ते, कँटीन, बस सारे जुन्याच अटींवर चालू असते. उत्पादन थांबत नाही, म्हणून घाई फक्त कामगाराला असते.

व्यवस्थापनाला घाई का नसते, ते साध्या हिशेबाने कळते. समजा दरमहा ६,००० रुपयांची वाढ ठरणार आहे आणि करार १८ महिने लांबला, तर एका कामगाराचे १,०८,००० आणि ५०० कामगारांचे ५ कोटी ४० लाख रुपये तोवर कंपनीकडे बिनव्याजी राहतात. शिवाय हा फरक पुढे पूर्ण मिळेलच असे नाही. घराचा हप्ता आणि मुलांची फी यांनी सभासद टेकीला आला की नेमका प्रस्ताव येतो: थकबाकीचा हट्ट सोडा, एकरकमी रक्कम घ्या. अशा रकमेवर भविष्य निर्वाह निधी नको आणि मागच्या ओव्हरटाइमचा फेरहिशेबही नको, ही व्यवस्थापनाची खरी सोय असते. गेट मीटिंगमध्ये मात्र त्या रकमेला टाळ्या पडतात, याचे मला आजही वाईट वाटते.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेशी सद्भावनेने वाटाघाटी करण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. पण दर महिन्याला बैठकीची तारीख देऊन आकडा न आणणे म्हणजे नकार, हे सिद्ध करणे कठीण असते. संप हा मार्ग आहेच. परंतु जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाची आठवण ज्या घरांत अजून ताजी आहे, तिथे तो शब्द कोणी सहज उच्चारत नाही. त्यातून आता कंत्राटी कामगार यंत्रे चालू ठेवू शकतात, आणि त्यांचे वेतन आमच्या मागणीपत्राच्या कक्षेतच येत नाही. आमच्या दबावाला लागलेली ही सर्वांत मोठी गळती आहे, असे माझे मत आहे.

आमच्या बाजूनेही वेळ जातो. संघटनेची निवडणूक जवळ आली की मागणीपत्र फुगते, आणि फुगलेल्या आकड्यावरून खाली उतरायला कोणालाच पहिले व्हायचे नसते.

सर्वांत मोठा तोटा वाटाघाटी चालू असताना निवृत्त होणाऱ्यांचा होतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यावर, दर वर्षाला १५ दिवस आणि महिन्याचे २६ दिवस धरून मोजतात. ३० वर्षे सेवा झालेल्या माणसाच्या या वेतनात ३,००० रुपयांची वाढ व्हायची राहिली, तर त्याचे सुमारे ५२,००० रुपये बुडू शकतात. म्हणून करार मागील तारखेपासून लागू करताना निवृत्तांच्या ग्रॅच्युइटीचाही फेरहिशेब होईल, असे स्वतंत्र कलम लागते. यंदाच्या मसुद्यात त्यापुढे व्यवस्थापनाने ‘नंतर पाहू’ एवढेच लिहिले आहे. समितीतले आम्ही काही जण वेतनवाढीच्या आकड्याआधी याच कलमावर सही मागत आहोत, त्यामुळे यंदाच्या विलंबाचे एक कारण आम्हीही आहोत.