अनुभव खरा, अर्थ गुरूचा: ओम शिनरिक्योने माणसं कशी ओढली

२० मार्च १९९५ च्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ‘ओम शिनरिक्यो’ या जपानी पंथाच्या पाच जणांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या डब्याच्या जमिनीवर ठेवल्या, छत्रीच्या मुद्दाम धार लावलेल्या टोकाने त्या फोडल्या आणि पुढच्या स्टेशनावर उतरून गेले. पिशव्यांत सारीन हे मज्जासंस्थेवर हल्ला करणारं विषारी रसायन होतं. १३ माणसं गेली, चौदावा मृत्यू कित्येक वर्षं अंथरुणावर काढून २०२० मध्ये झाला, आणि इजा झालेल्यांचा आकडा सहा हजारांच्या आसपास आहे. त्या पाचांत एक नावाजलेला हृदयशल्यविशारद होता, बाकीचे चौघे भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकलेले.

‘एवढी शिकलेली माणसं अशी कशी फसली?’ हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय. त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की या मंडळींनी पुरावा न बघता विश्वास ठेवला. प्रत्यक्षात त्यांना पुरावा मिळाला होता, तोही स्वतःच्या शरीरात.

पंथाचा संस्थापक शोको असाहारा, मूळ नाव चिझुओ मात्सुमोतो. जन्म १९५५, कुमामोतो प्रांतात, चटया विणणाऱ्याच्या घरी. दृष्टी लहानपणापासून अधू. ॲक्युपंक्चरचा व्यवसाय, मग बनावट औषधं विकल्याबद्दल १९८२ मध्ये अटक आणि दंड. १९८४ मध्ये त्याने टोकियोच्या शिबुया भागात योगाचा वर्ग सुरू केला. धर्म, प्रलय, गुरुभक्ती यांतलं काही तेव्हा दारावर लिहिलेलं नव्हतं. आसनं, श्वास, ध्यान, एवढंच. ‘ओम शिनरिक्यो’ हे नाव १९८७ मध्ये आलं. त्याआधी १९८५ मध्ये गूढविद्येच्या एका मासिकात असाहाराचा पद्मासनात हवेत तरंगतानाचा फोटो छापून आला होता. मांडी घालून उडी मारली आणि नेमक्या क्षणी कॅमेरा दाबला तर असा फोटो कुणाचाही निघतो. चेहरा मात्र ताणलेला दिसतो, आणि त्या फोटोतही तो तसाच आहे.

त्या पाचांतला केन्इची हिरोसे हा वासेदा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारा हुशार विद्यार्थी. १९८८ मध्ये त्याने असाहाराची पुस्तकं वाचली. वाचायला लागून आठवडाभर झाला असेल, एका रात्री त्याला शरीरात स्फोटासारखा आवाज झाल्याचं आणि कुंडलिनी वर चढल्याचं जाणवलं. हे त्याने पुढे तुरुंगातून स्वतःच लिहून ठेवलंय. तो खोटं बोलत होता असं मानायचं कारण नाही. वेगाने आणि खोल श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, हातापायांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. डोळे मिटून तासन् तास बसलं, त्यात झोप कमी पडली, की उजेड दिसणं, आवाज येणं, अंग उचलल्यासारखं वाटणं हे निरोगी माणसालाही होतं. झोप लागण्याच्या उंबरठ्यावर डोक्यात मोठा आवाज झाल्याचा भास तर काही न करताही होऊ शकतो.

खरी मेख इथे आहे. ‘असं होईल’ हे पुस्तकात आधीच छापलेलं होतं. आधी भाकीत, मग अनुभव. विज्ञान शिकलेल्या माणसाला ही मांडणी ओळखीची वाटते: सिद्धान्ताने सांगितलं, प्रयोगात दिसलं. पण हाच अनुभव दुसऱ्या कुठल्या कारणाने येऊ शकतो का, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. अनुभव माणसाचा स्वतःचा असतो, अर्थ तेवढा गुरूचा असतो. पुढचे सगळे व्यवहार त्या अर्थावर होतात.

व्यवहार हा शब्द अगदी शब्दशः घ्या. वर्गाची फी साधी. मग शिबिर. मग ‘शक्तिपात’, म्हणजे गुरूने कपाळावर अंगठा दाबून शक्ती देणं. त्यापुढे दीक्षांची चढती भाजणी: गुरूचं रक्त प्राशन करण्याची दीक्षा सुमारे १० लाख येनला, गुरूच्या आंघोळीचं पाणी वेगळं, आणि नंतरच्या काळात गुरूच्या मेंदूच्या लहरी शिष्याच्या डोक्यात उतरवणारी म्हणे अशी इलेक्ट्रोड लावलेली टोपी, भाडं महिन्याला सुमारे १० लाख येन. शेवटच्या पायरीची किंमत पहिल्याच दिवशी सांगितली असती तर वर्ग रिकामा झाला असता. प्रत्येक पायरीवर फक्त पुढच्या पायरीचं बोलायचं. ‘आत्तापर्यंत एवढं केलंस, इथेच थांबलास तर मागचंही वाया जाईल’ हे वाक्य मग माणूस स्वतःच स्वतःला म्हणतो, शेजारच्याला म्हणावं लागत नाही.

त्या पुढची पायरी संन्यासाची. नोकरी सोडायची, घर सोडायचं आणि जे काही नावावर आहे ते पंथाला द्यायचं. बँकखातं आणि जमीन तर झालीच, पण यादीत टेलिफोन कार्डं आणि पोस्टाची तिकिटंही लिहून द्यावी लागत. तिकिटांतून पंथाला किती पैसे मिळणार? पण खिशात टेलिफोन कार्ड नसेल तर आईला फोन लागत नाही. १९९५ पर्यंत असे हजाराहून अधिक संन्यासी फुजी पर्वताच्या पायथ्याशी आणि इतर केंद्रांत राहत होते. जपानमधले एकूण अनुयायी दहा हजारांच्या घरात.

फुजीजवळच्या कामिकुइशिकी गावातल्या त्यांच्या इमारतींची नावं ‘सत्यम’ आणि पुढे क्रमांक अशी होती. सारीनचा कारखाना सातव्या सत्यममध्ये. शिष्यांना संस्कृत किंवा पाली वळणाची नवी नावं मिळत. १९९० च्या निवडणुकीत पंथाने २५ उमेदवार उभे केले, तेव्हा कार्यकर्ते असाहाराचे मुखवटे आणि गणपतीच्या सोंडेच्या टोप्या घालून रस्त्यावर नाचले. एकही निवडून आला नाही. आपल्याकडे हे वाचून हसू येतं. जपानी तरुणांना मात्र त्या शब्दांमागे हजारो वर्षांची, तपासून बघता न येणारी परंपरा दिसत होती.

आत गेल्यावरचा दिवस असा: झोप तीन-चार तास, कधी त्याहून कमी. जेवण म्हणजे बिनचवीच्या उकडलेल्या भाज्या. कानात गुरूच्या प्रवचनांच्या टेप, त्याच त्या, पुन्हा पुन्हा. नवरा-बायको वेगळे, मुलं वेगळी. वर्तमानपत्र नाही. झोप मोडली की उलटा विचार करायची ताकद कमी होते, तोंडपाठ वाक्यं मात्र शाबूत राहतात. थकलेल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही, तो विरोध करायचाच कंटाळा करतो.

मनात शंका आलीच तर? तिचीही सोय होती. शंका म्हणजे वाईट कर्म वर येत असल्याची खूण, म्हणजे साधना लागू पडतेय! आजारी पडलात तर शुद्धी होतेय, बरे झालात तर गुरुकृपा. घरच्यांची आठवण येते ती आसक्ती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९६१ मध्येच, चीनमधल्या विचारबदलाच्या तुरुंगांवरून, अशा बंदिस्त व्यवस्थांची आठ लक्षणं मांडली होती. त्यांतलं एक म्हणजे माणसाचा प्रत्यक्ष अनुभव आणि तत्त्व यांत विसंगती दिसली तर अनुभव चुकीचा ठरवायचा. दुसरं म्हणजे विचार थांबवणारी ठोकळेबाज भाषा. ओममधला तसा शब्द ‘पोवा’. तिबेटी परंपरेत ती मरणाच्या वेळी जाणीव वरच्या गतीला पाठवण्याची साधना आहे. असाहाराने त्याचा अर्थ वळवला: पापं करत जाणाऱ्या माणसाला गुरूने वेळीच मारलं तर त्याचं भलंच होतं. खून करायला सांगितलं असतं तर अनेकांचा हात थांबला असता. पोवा करायला सांगितला.

सारीनपर्यंतची वाट मात्र एका अपघातापासून सुरू झाली. १९८८ मध्ये साधना करताना एक अनुयायी मेला. परवाने मिळायचे होते, बोभाटा नको म्हणून मृतदेह परस्पर जाळला. ते पाहिलेल्या एका शिष्याला पंथ सोडायचा होता, फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला मारलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंथाला धार्मिक संस्था म्हणून सरकारी मान्यता मिळाली. ज्या कुटुंबांची मुलं आत गेली होती त्यांचे वकील त्सुत्सुमी साकामोतो यांनी रक्तदीक्षेमागचा दावा तपासला. असाहाराच्या रक्ताची क्योतो विद्यापीठात चाचणी झाल्याचं पंथ सांगत होता, विद्यापीठाने अशी चाचणी झालीच नाही असं कळवलं. एका टीव्ही वाहिनीने साकामोतोंची मुलाखत प्रसारणाआधीच पंथाच्या लोकांना दाखवली, आणि तसं साकामोतोंना सांगितलंही नाही. ४ नोव्हेंबर १९८९ ला ते, त्यांची पत्नी आणि वर्षभराचं मूल, तिघांचा घरात घुसून खून झाला. घटनास्थळी पंथाचा बिल्ला सापडूनही प्रेतं सापडायला सप्टेंबर १९९५ उजाडला. आतल्यांच्या दृष्टीने प्रत्येक गुन्ह्याने एक दार बंद केलं. बाहेर पडणं म्हणजे आता नुसतं श्रद्धा सोडणं उरलं नव्हतं, स्वतःचा कबुलीजबाब देणं झालं होतं. पुढे १९९४ पासून फितुरीचा संशय आलेल्यांना औषध टोचून चौकशी करणं, विजेचे झटके देऊन आठवण पुसणं हेही सुरू झालं, आणि ते करणारा डॉक्टर पुढे भुयारी रेल्वेत छत्री घेऊन गेला.

आता दुसरी बाजू, कारण या विषयावर लिहिताना भीती वाढवणं फार सोपं असतं. बहुतेक माणसं पहिल्या-दुसऱ्या पायरीवरूनच परत जातात. समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये ‘युनिफिकेशन चर्च’ या मूळ कोरियन पंथाच्या शिबिरांचा अभ्यास केला. दोन दिवसांच्या शिबिराला आलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक सामीलच झाले नाहीत, आणि जे झाले त्यांतलेही बरेच दोनेक वर्षांत सोडून गेले. म्हणजे गुरूच्या नजरेत जादू नसते. गळ पुष्कळ टाकले जातात, आणि ज्याचं आयुष्य त्या महिन्यात मोकळं पडलेलं असतं तो लागतो: नवं शहर, तुटलेलं नातं, घरातला मृत्यू, परीक्षेनंतरची पोकळी.

असाहारा आणि बारा शिष्यांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली. पंथ संपला नाही. ‘आलेफ’ या नावाने तो चालू आहे आणि जपानी सुरक्षा यंत्रणेच्या नजरेखाली आहे. भरतीची पद्धतही जुनीच, नाव न सांगता योगाचे वर्ग, १९९५ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी. आपल्याकडचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अनुसूचीतल्या ठरावीक कृत्यांना लागू होतो. स्वखुशीने, पावती घेऊन चढलेली अशी शिडी त्यात सहज बसत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

म्हणून कुठल्याही शिबिराला जाण्याआधी विचारायच्या गोष्टी अगदी कोरड्या आहेत. आयोजक संस्थेचं नोंदणीतलं नाव काय, आणि ते जाहिरातीवर का नाही? पैसे कुणाच्या खात्यात जातात? शेवटच्या पायरीपर्यंत एकूण खर्च किती, लेखी द्याल का? रात्री फोन जवळ ठेवता येईल का, मधेच घरी जाता येईल का? सोडून गेलेल्या माणसांबद्दल तुम्ही काय म्हणता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. सोडून गेलेला एकही माणूस चांगला निघत नसेल तर उठून यावं.

घरातलं कुणी आत गेलंच असेल तर त्याला ओढून आणून डांबू नका. जपानमध्ये युनिफिकेशन चर्चच्या एका सदस्याला घरच्यांनी बारा वर्षांहून जास्त कोंडून ठेवलं. त्याची श्रद्धा तर गेली नाहीच, वर कोर्टाने घरच्यांना भरपाई द्यायला लावली. ‘तुझे आईवडील तुला छळतील’ असं गुरूने सांगून ठेवलेलं असतं, तुम्ही ते खरं करून दाखवता. गुरूची टवाळीही नको. फोन आला की भाजी काय केली, आजीचा गुडघा कसा आहे, कुणाचं लग्न ठरलं, हे बोला. रोख पैसे देऊ नका, तिकीट काढून द्या. सही करायच्या कागदांची छायाप्रत मागा, घर-जमिनीच्या कागदांवर त्याचं नाव असेल तर वकिलाला आधीच दाखवून ठेवा. आणि झोप किती होते, हे दर वेळी विचारा.