गाडीनं बस्तर: चित्रकोट, बारसूर आणि कांगेर खोरं

छत्तीसगडच्या दक्षिणेला असलेल्या बस्तरमधली कुटुमसरची गुहा पावसाळ्यात पाण्यानं भरते. जूनच्या मध्यापासून ती बंद असते आणि नोव्हेंबरच्या सुमारास उघडते. चित्रकोटचा धबधबा पूर्ण रुंदीनं कोसळताना बघायचा असेल तर जुलै ते सप्टेंबर. दंतेवाड्याकडच्या ढोलकल गणपतीची चढण कोरड्या पायवाटेनं चढायची तर डिसेंबर. एकाच फेरीत सगळं ऐन भरात मिळत नाही, त्यामुळे यातलं काय सोडायचं ते ठरवा आणि मगच रजा टाका.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दसरा उरकल्यावर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत जावं असं आमचं मत आहे. तोवर इंद्रावती नदीचा गढूळ लाल रंग निवळलेला असतो, धबधब्याला पुरेसं पाणी असतं आणि महिना नोव्हेंबरचा असेल तर गुहाही उघडलेली असते. दसऱ्याच्या आधी जायचं असेल तर खोल्यांची चौकशी फार लवकर करा. बस्तरचा दसरा ७५ दिवस चालतो. हरेली अमावस्येला सुरू होतो, त्यात रावण जाळत नाहीत, सगळा सोहळा दंतेश्वरी देवीचा असतो. शेवटच्या आठ-दहा दिवसांत लाकडी रथ ओढायला गावोगावचे लोक जगदलपुरात, बस्तरच्या मुख्य शहरात, उतरतात, तेव्हा शहरात साधी लॉजची खोलीसुद्धा मिळत नाही. मार्चनंतर मात्र धबधब्यांसाठी जाऊ नका. ओडिशाच्या हद्दीजवळ इंद्रावतीचं बरंच पाणी जोरा नाल्यात वळतं आणि तिकडून शबरी नदीला जातं. त्यामुळे उन्हाळ्यात चित्रकोटच्या कड्यावर दोन-चार धारा उरतात आणि बाकी नुसता काळा कातळ.

नागपूरहून

मुंबई-पुण्याची मंडळी समृद्धीनं नागपूर गाठून तिथे मुक्काम करतात, ते बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी भंडारा, साकोली, देवरी करत राजनांदगाव साधारण २१५ किलोमीटर. इथे बहुतेक जण ॲपचं ऐकून दुर्ग-भिलाई-रायपूरच्या गर्दीत शिरतात. त्याऐवजी राजनांदगावहून बालोद, गुरूर, पुरूर असा रस्ता धरला तर रायपूर पूर्ण टळतं, पन्नासेक किलोमीटर वाचतात आणि पुरूरला थेट राष्ट्रीय महामार्ग ३० लागतो. मात्र हा रस्ता दोन पदरी आहे आणि गावांच्या मधून जातो. नोव्हेंबरात शेतकरी अर्ध्या डांबरावर धान वाळत घालतात, म्हणून इथे साठच्या वर वेग धरून हिशेब करू नका. पहिल्या दिवशी कांकेरला थांबा, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर झालेले असतात.

त्यापुढे जाण्याचा मोह टाळायचं कारण म्हणजे केशकाल घाट. वळणं बाराच, लांबी पाचेक किलोमीटर, आपल्या घाटांपुढे किरकोळ. पण बस्तरकडची बहुतेक अवजड वाहतूक याच घाटातून होते. एखादा लोड ट्रक वळणावर आडवा झाला की रांग दोन्ही बाजूंना काही किलोमीटर जाते. सकाळी आठच्या आत घाट चढलात तर निम्मी कटकट संपली. तेलिन माईच्या देवळापाशी ट्रकवाले थांबतात आणि लोक रस्ता ओलांडतात, तिथे गाडी हळू घ्या. परतताना उतारावर दुसरा गिअर सोडू नका. सामान आणि पाच माणसं घेऊन सतत ब्रेकवर उतरलात तर तळाशी पोचेपर्यंत जळका वास येतो.

घाट संपल्यावर केशकालजवळ गढधनोरा आहे. नल राजवटीच्या काळातली, पाचव्या-सहाव्या शतकातली विटांची देवळं इथल्या ढिगाऱ्यांतून उकरून काढली आहेत. शिल्पं फार नाहीत, विटांची जोती आणि शिवलिंगं आहेत. अर्धा तास पुरतो आणि बहुधा तुमच्याखेरीज तिथे कोणी नसतं. कोंडागावला ढोकऱ्याचे कारागीर आहेत. मेणाचा साचा, वर मातीचा थर, मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. खरेदी करायची तर शोरूमपेक्षा कारागीरवस्तीत करा. मूर्ती हातात घेऊन वजन बघा, ढोकऱ्याचा भाव वजनावर आणि नक्षीच्या बारकाव्यावर ठरतो.

चित्रकोट

कोंडागाव-जगदलपूर रस्त्यावर भानपुरीहून आत वळलं की इंद्रावतीच्या उत्तर काठावर नारायणपाल लागतं. नारंगी नदी इथेच इंद्रावतीला मिळते. छिंदक नागवंशी घराण्यातल्या गुंडमहादेवीनं इथल्या नारायणाला गाव दान दिल्याचा ११११ सालचा शिलालेख आहे. विष्णुमंदिर उंच आणि सडपातळ. चित्रकोटचा पर्यटकांचा काठ दक्षिणेकडे आहे, म्हणजे नदी ओलांडावी लागते. पुलाचा रस्ता भानपुरीतच विचारून घ्या, पुढे विचारायला माणूस भेटेलच असं नाही.

चित्रकोट जगदलपूरहून ४० किलोमीटर. उंची २९-३० मीटर, पावसाळ्यातली रुंदी सुमारे ३०० मीटर, आकार घोड्याच्या नालासारखा. नदी इथे पश्चिमेकडे उडी घेते, त्यामुळे धबधब्याच्या तोंडावर ऊन येतं ते दुपारनंतर. सकाळी पोचलात तर सूर्य समोरून येतो आणि फोटोत नुसता पांढरा धूर. दुपारी तीनला या, अंधार पडेपर्यंत थांबा, रात्री तिथेच काठावर मुक्काम करा. राज्याच्या पर्यटन मंडळाचं रिसॉर्ट अगदी धबधब्याला लागून आहे. शनिवार-रविवारी आयत्या वेळी खोली मिळत नाही. खाली वल्ह्याच्या होड्या थेट धारेच्या तुषारांपर्यंत नेतात, पण पाणी ओसरल्यावरच, पावसाळ्यात बंद. लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून बघा.

इथलं मुख्य संकट मात्र वरच्या बाजूला आहे. पाणी कमी झालं की कड्याच्या माथ्यावरचा कातळ उघडा पडतो आणि लोक थेट टोकापर्यंत चालत जातात. कोरड्या दिसणाऱ्या कातळावर शेवाळाचा वाळलेला पापुद्रा असतो, चपलेखाली ओल लागली की तो साबणासारखा सुटतो. शिवाय इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीतून येते. तिकडे पाऊस झाला की इथे निरभ्र आकाशाखाली पाणी चढतं.

बारसूर

चित्रकोटहून बारसूरला दोन रस्ते. जगदलपूर-गीदम असा वळसा सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. मारडूमवरून जंगलातला रस्ता ५० किलोमीटरच्या आसपास. वाटेत मेंद्री घूमर आणि तामडा घूमर हे दोन धबधबे आहेत (घूमर म्हणजे इकडे धबधबाच). दोन्ही पावसाळी. नोव्हेंबरच्या अखेरीस धार बारीक झालेली असते, तेव्हा त्यांच्यासाठी अर्धा दिवस घालवू नका. या रस्त्यावर पेट्रोल पंप, पंक्चरवाला, हॉटेल यातलं काही धरून चालू नका. टाकी आधीच, कोंडागावला किंवा जगदलपुरात, भरा, स्टेपनीत हवा आहे का ते तिथेच बघा आणि सकाळी नवाच्या आत निघा.

बारसूर ही नागवंशींची अकराव्या शतकातली राजधानी. आज ते तळ्याकाठचं साधं गाव आहे आणि देवळं घरांच्या, शेतांच्या मधे विखुरली आहेत. बहुतेक प्रवासी जुळ्या गणपतींपुढे फोटो काढून पुढे जातात. गणपती आहेतच तसे: वालुकाश्मातले दोन अखंड गणपती शेजारी-शेजारी, मोठा साडेसात फुटांच्या आसपास, धाकटा त्याहून दोनेक फुटांनी कमी. पण बारसूरला सर्वात जास्त वेळ द्यायचा तो बत्तीसा मंदिराला. नाव बत्तीस खांबांवरून आलं. एकाच मंडपाला दोन गाभारे आहेत, दोन्हींत शिवलिंग. हे का, त्याचं उत्तर १२०९ सालच्या शिलालेखात आहे. सोमेश्वरदेवाची पट्टराणी गंगमहादेवी हिनं ही दोन शिवालयं बांधली, एकाला नवऱ्याचं नाव दिलं, वीर सोमेश्वर, आणि दुसऱ्याला स्वतःचं, गंगाधरेश्वर. मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की दोन्ही दारं एकाच वेळी दिसतात. खांब साधे, जाड, नक्षी जवळजवळ नाही. सगळी भिस्त ओळींवर आणि सावलीवर. दुपारी बाराला आत विलक्षण गारवा असतो.

मामा-भांजा मंदिर शिखरासाठी बघा. चंद्रादित्य मंदिर १०६० च्या सुमाराचं, नागवंशींच्या चंद्रादित्य नावाच्या मांडलिकानं बांधलेलं. त्यानं तळंही खोदलं आणि त्यालाही स्वतःचंच नाव दिलं. चारही ठिकाणं मिळून अडीच तास धरा. हांदावाडा धबधब्याचे व्हिडिओ बघून बारसूरहून नदीपलीकडे अबूझमाडच्या डोंगराळ जंगलात शिरायचा बेत करणारे असतात. तो बेत आपल्या मनानं करू नका. दंतेवाडा-बिजापूर पट्ट्यात कुठल्याही आडवाटेला जाण्याआधी आदल्या गावात पोलीस ठाण्यात किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. नाक्यावर ओळखपत्र दाखवा, सुरक्षा दलांच्या कॅम्पचे फोटो काढू नका, ड्रोन घरी ठेवा.

दंतेवाडा, ढोलकल

बारसूरहून गीदम २०-२२ किलोमीटर, तिथून दंतेवाडा आणखी १२. मुक्काम दोन्हींपैकी कुठेही. दंतेश्वरीच्या देवळात पुरुषांना पँट घालून आत सोडत नाहीत. धोतर तिथे मिळतं, पण सणाच्या दिवशी त्याचीच रांग लागते, म्हणून लुंगी बॅगेत टाका. शंखिनी आणि डंकिनी या नद्यांचा संगम देवळामागेच आहे.

ढोलकलचा गणपती फरसपालकडून चढायचा. मूर्ती तीनेक फुटांची, बैलाडिलाच्या रांगेतल्या एका उघड्या सुळक्यावर ठेवलेली. २०१७ च्या जानेवारीत ती कोणीतरी दरीत ढकलून दिली होती. तुकडे गोळा करून पुन्हा जोडली, सांधे जवळून दिसतात. गावातला वाटाड्या घ्याच, जंगलात लाकूडतोड्यांच्या वाटांचं जाळं आहे. माणशी दोन लिटर पाणी लागतं, वर काही मिळत नाही. सकाळी सातला सुरुवात करा.

तीरथगढ आणि गुहा

तीरथगढचा धबधबा आणि कुटुमसरची गुहा, ही दोन्ही ठिकाणं जगदलपूरच्या दक्षिणेला, कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पट्ट्यात आहेत. उद्यान १९८२ चं, २०० चौरस किलोमीटर. आधी गुहा, मग धबधबा, हाच क्रम ठेवा. सकाळी गुहेत गर्दी कमी असते आणि गर्दीचा इथे थेट हवेशी संबंध आहे. लोखंडी जिन्यानं अरुंद फटीतून खाली उतरावं लागतं, आत दमटपणा प्रचंड, आणि माणसं वाढली की धाप लागते. दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी वरच थांबावं. मधेच परत फिरायचं म्हटलं तर मागून येणाऱ्या सगळ्यांना फिरवावं लागतं. वाटाड्या सक्तीचा आहे, दिवा त्याच्याकडे असतो. तरी स्वतःची छोटी बॅटरी ठेवा, पायाखालच्या चिखलासाठी. डबक्यांतल्या आंधळ्या माशांवर मात्र ती रोखू नका, आणि चुनखडीच्या खांबांना हात लावू नका. हाताचं तेल बसलं की तिथे नवा थर धरत नाही.

तीरथगढला मुनगाबहार नदी ९० मीटरच्या आसपास पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. माणसालाही दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना वरूनही चांगलं दिसतं. माकडं खाऊची पिशवी ओळखतात, प्लास्टिकचा आवाज झाला की येतात. अंघोळ करायचीच तर वरच्या टप्प्यावर अजिबात नाही.

वेळ, पैसे, भाषा

जगदलपूर पुण्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, म्हणजे पुण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. दिवसाचा बेत घरच्या घड्याळाच्या सवयीनं आखणारे इथे हमखास अंधारात सापडतात. रस्त्यावर गुरं बसलेली असतात आणि त्यांच्या डोळ्यांची चमक दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पाच वाजता मुक्कामी, हा नियम ठेवा.

नागपूर ते नागपूर सगळं मिळून १४०० ते १५०० किलोमीटर, सात दिवस. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १०० लिटर इंधन. पार्किंग, वाटाडे, होडी यांना सुट्टे पैसे लागतात. जंगलात रेंज गेली की यूपीआय गेलं. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

लोहंडीगुड्याचा बाजार शुक्रवारी, टोकापालचा सोमवारी. वाटेत पडत असेल तर तासभर थांबा, चापडा म्हणजे लाल मुंग्यांची चटणी पानावर मिळते, आंबट आणि झणझणीत. हलबी ही इथली बोली कानावर पडली की दचकाल. ‘तुचो नाव काय आय?’ याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. माणसांचे फोटो विचारूनच काढा, बाजारात तर नक्कीच.

आणि मलेरिया. बस्तरमध्ये तो आहे, फॅल्सिपॅरम या जास्त घातक प्रकारचाही. संध्याकाळी पूर्ण बाह्या, अंगाला मलम, खोलीला जाळी नसेल तर स्वतःची मच्छरदाणी. जाण्याआधी डॉक्टरांशी प्रतिबंधक गोळ्यांविषयी बोला. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत थंडी वाजून ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणत घरी बसू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि बस्तरला जाऊन आलो हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.