टोपी कुठं गेली?

आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मामांना कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला दोष त्यांनीच काढला. २००७ सालची सुगी. राजहंसगडाच्या पायथ्याशी मामांच्या खळ्यावर भाताची मळणी चाललेली. मी निकॉनचा डी-४० गळ्यात अडकवून नवरदेवासारखा मिरवत होतो. मामांना गंजीजवळ उभं केलं, फोटो काढला आणि मागचा पडदा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, मग हातभर लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"आमची टोपी कुठं गेली गा?"

पाहतो तर खरंच. मिशी होती, खांद्यावरचा टॉवेल होता, गालावरचा भाताचा कोंडासुद्धा दिसत होता. भुवयांच्या वर मात्र नुसतं पांढरं, आणि ते पांढरं तसंच वर वर जाऊन आभाळाला मिळालेलं. टोपीची घडी नाही, कडा नाही, शिवण नाही. मामी मागून डोकावल्या. "कालच नीळ घालून धुतल्ये मी ती," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच ती खिशात घातली होती.

उन्हामुळं असं झालं, पडदाच लहान आहे, असं काहीबाही मी सांगितलं. पण मनात खात्री होती की उजेड बरोबर दिला होता. बारा वर्षं मी असाच देत आलो होतो.

ही बारा वर्षं निकॉनच्याच एफएम-१० या फिल्मच्या कॅमेऱ्यावर गेली. सगळं हातानं करायचं. फोकस हातानं, शटर हातानं, आणि आत डोळा लावला की अधिक, शून्य, उणे असे तीन बारके दिवे. बॅटरी संपली तर दिवे जायचे, कॅमेरा चालूच राहायचा. तो शिकवला आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ असलेल्या अण्णांनी. अण्णा घरी कन्नड बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि फोटो काढताना दोन्ही. शटर दाबण्याआधी "जरा हसा, स्वल्प नग्री" असं एका दमात म्हणायचे. थोडं हसा, एवढाच त्याचा अर्थ. मी लहानपणी ते 'स्वल्पनगरी' असं ऐकलं होतं. स्टुडिओतल्या मागच्या पडद्यावर एक संगमरवरी जिना, दोन हंस आणि कमानीतून दिसणारा बगीचा रंगवलेला होता. त्या गावाचंच नाव स्वल्पनगरी, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. अजूनही कुणी 'नगरी' म्हटलं की मला ते हंस दिसतात.

तर अण्णांचा एक मंत्र होता. उजेड जास्त झाला तर लॅबवाला सांभाळतो, कमी पडला तर देवसुद्धा सांभाळत नाही. रोलचा आकडा जितका मोठा, तितका त्याला उजेड कमी लागतो. म्हणून २०० चा रोल भरायचा आणि कॅमेऱ्याच्या चकतीवर १०० लावायचं. कॅमेऱ्याला वाटतं रोल मंद आहे, तो दुप्पट उजेड मागतो, आणि निगेटिव्ह जाड, भरदार येते. कलर निगेटिव्हचा स्वभावच तसा. दुप्पट काय, चौपट उजेड ओता, ती कुरकुर न करता गिळते. वरचं पांढरं एकदम न संपता हळूहळू दाटत जातं, आणि प्रिंट काढणारा त्यातून टोपीची घडी ओढून बाहेर काढतो. अण्णांकडचे जुने काळेपांढरे पासपोर्ट फोटो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' रोलवरचे असायचे. तिथंही हाच हिशेब.

डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी जो सेन्सर असतो, त्याचं तसं नाही. त्याच्यावर लाखो बारक्या घागरी मांडलेल्या असतात म्हणा, माझ्या डी-४० वर साठ लाख. उजेड पडेल तशी घागर भरते, अगदी मापात. काठोकाठ भरली की संपलं. त्यानंतर ओतलेला प्रत्येक थेंब सांडतो आणि किती सांडला याची नोंद कुठंही राहत नाही. सावलीत मात्र तळाशी थोडं तरी असतंच, ते नंतर उपसून काढता येतं. म्हणजे अण्णांचा मंत्र नेमका उलटा झाला होता, आणि मी बारा वर्षांच्या सवयीनं कॅमेऱ्यावर अधिक एकची भरपाई, म्हणजे मीटर सांगेल त्याच्या दुप्पट उजेड, लावून उन्हात उभा होतो. मामांच्या टोपीच्या घागरी पहिल्या झटक्यात ओसंडल्या. स्लाइडवर काम केलेली मंडळी मला नंतर हसली, कारण स्लाइड, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट खरे रंग उतरणारी फिल्म, तीही अशीच खडूस असते. पण आमच्या गल्लीत स्लाइड वापरायचा कोण? लग्नाच्या अल्बमला निगेटिव्ह लागायची.

सगळ्या सवयी अशा एकेक करून उघड्या पडल्या. फोटो काढला की उजवा अंगठा आपोआप रोल पुढं सरकवायची कळ शोधायचा. कळ नसायचीच, अंगठा हवेत एक अर्धवर्तुळ काढून परत यायचा. हे मी सहा महिने करत होतो. बायकोला वाटलं अंगठ्यात वात आला.

दुसरी सवय मोजण्याची. ३६ चा रोल नीट, अंधारात, पट्टी न दवडता भरला तर ३७ निघतात, कधी ३८. तो अडतिसावा फोटो म्हणजे फुकटचा कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई. रोल, धुणं आणि प्रिंट मिळून ₹३०० च्या घरात जायचे, त्यामुळं कुणाचा फोटो काढायचा यावर घरात राजकारण चालायचं. "रोलमध्ये किती राहिलेत?" हे आईचं पालुपद. नंतर कार्डात पाचशे फोटो बसायला लागले तरी ती विचारायचीच, आणि पाचशे म्हटलं की तिला ते खोटं वाटायचं. रिकाम्या डब्या मात्र तिनं कधी टाकल्या नाहीत. एकीत कुंकू, एकीत प्रवासातली सुपारी, एकीत शिवणाच्या सुया. घरात डिजिटल आला याचं तिला दुःख एवढंच की नव्या डब्या येणं बंद झालं.

गंमत बघा, हा उद्योग सुरू केला फिल्म विकणाऱ्यांनीच. १९७५ साली कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचा एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद घ्यायचा. २३ सेकंद ऐकून अण्णा खूश झाले होते. त्यांच्याकडं आठ दिवस लागायचे.

सगळ्यात जास्त मी भांडलो ते लेन्सवरून. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांवर लेन्स बसवायची खाच १९५९ पासून तीच होती, म्हणून माझी जुनी, हातानं फिरवायची ५० एमएमची लेन्स डी-४० वर टक्कन बसली. मी आनंदात बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरात बाचीचा पहिला वाढदिवस काढायला उभा राहिलो. आमचं घर म्हणजे गल्लीतली जुनी पद्धत, पुढून अरुंद आणि मागं लांबच लांब, आगगाडीसारखं. डी-४० चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळं ५० ची लेन्स ७५ सारखी वागायला लागली. पाळणा मावेना. मी मागं सरकलो, केक मावेना. आणखी सरकलो, आत्या कापल्या गेल्या. शेवटी पाठ बंबाला टेकली आणि बंब पेटलेला होता. त्या दिवसाच्या फोटोंत सगळे खळखळून हसताहेत, त्याचं कारण बाची नाही.

शिवाय जुनी लेन्स लावली की या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटरच मुका होतो. तीन दिवे नाहीत, काटा नाही, काही नाही. मग अण्णांचं जुनं गणित बाहेर काढलं. लख्ख उन्हात लेन्सचं तोंड एफ १६ एवढं बारीक आणि शटर फिल्मच्या आकड्याएवढं. आयएसओ, म्हणजे तोच आकडा, २०० असेल तर सेकंदाचा दोनशेवा भाग. ढग आले की एकेक घर उघडायचं. फिल्मवर असा अंदाज चुकला तर आठ दिवसांनी कळायचं, इथं लगेच कळत होतं. खरं सांगायचं तर उजेड ओळखायला मी डिजिटलवर शिकलो, तेही मीटर बंद पडल्यामुळं.

रात्रीच्या बाबतीत मात्र मी जुन्याची बाजू घेणार नाही. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यानं फिल्मवर काढली असेल त्यालाच ठाऊक. रात्र चढत जाते, गर्दी खांद्याला खांदा लावून, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मावळे तलवार उपसून पुतळ्यासारखे उभे. पोरं पापणी हलवायची नाहीत, पण खालचा ट्रॅक्टर थरथरत असायचा. ४०० चा रोल, शटर सेकंदाचा पंधरावा भाग, आणि अफझलखानाला तीन नाकं. एकदा रोल भरला की शेवटच्या फोटोपर्यंत तोच वेग. डिजिटलवर गल्लीत वळताना १६०० केलं, चौकातल्या हॅलोजनखाली ४०० वर आणलं, पुन्हा १६०० केलं. फोटोत रवा पडल्यासारखी खरखर आली, येऊ दे. महाराजांचा चेहरा तरी दिसला.

धुळीचं गाऱ्हाणं वेगळं. फिल्ममध्ये दर फोटोला कोरा तुकडा पुढं यायचा, एखादा कण बसला तरी त्याच्याबरोबर निघून जायचा. सेन्सर म्हणजे बालवाडीतली पाटी, एकच, सगळ्यांनी त्यावरच लिहायचं. हे ज्ञान मला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर झालं. "उदो उदो" चाललेलं, भंडारा उधळलेला, आणि मी त्या पिवळ्या ढगात उभा राहून शहाण्यासारखा लेन्स बदलली. पुढचे तीन महिने माझ्या प्रत्येक आभाळात उजव्या कोपऱ्यात तेच चार ठिपके. गोकाकच्या धबधब्यावर तेच, हिडकलच्या धरणावर तेच. लेन्सचं तोंड बारीक केलं की अधिकच ठळक. माझ्या मॉडेलला सेन्सर आपोआप झटकायची सोय नव्हती. रबरी फुगा फुसफुसून बघितला, मग एकदा जाणकाराकडून पुसून घेतला. आई म्हणाली, देवीचा प्रसाद आहे, पुसतोस कशाला?

पावसाळा मात्र दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच छळतो. खानापूर, जांबोटीकडून ओल अशी येते की कपाटातल्या चपलांना मिशा फुटतात, आणि लेन्सच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. जून ते सप्टेंबर दोन्ही कॅमेरे आता एकाच हवाबंद डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत असतात. सासू-सुनेसारखे. बाहेरून तरी भांडण ऐकू येत नाही.

फोल्डरांचंही सांगून टाकतो. पहिल्या फोल्डरवर मी 'बेळगाव २००७' लिहिलं. गावाचं सरकारी नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदललं, फोल्डरचं नाव तेच आहे. त्यात सगळ्यात वर तो टोपी गेलेला फोटो. पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं, पण अण्णांच्या तालमीत वाढलेल्या माणसाचा हात त्या बटणाकडं जात नाही. बिघडलेल्या फोटोचेही पैसे दिलेले असायचे आम्ही.

पुढच्या सुगीला मी तयारीनं येळ्ळूरला गेलो. भरपाई उणे एकवर. शिवाय डी-४० मध्ये एक सोय सापडली होती, जिथं पांढरं जळालं असेल तो भाग पडद्यावर लुकलुकतो. खळं तेच, गंजीही तीच म्हणा. मामांना हाक मारली. ते आले, कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत टोपी काढून, घडी घालून, बंडीच्या खिशात ठेवली.

"असू दे की मामा, घाला. आता नाही जाणार."

"नको गा. दोन दिवसांपूर्वीच धुतलीय. तू घे असाच."

घेतला. मामांचा चेहरा उन्हानं तांब्यासारखा रापलेला, पण कपाळाला साठ वर्षं टोपीखाली ऊन लागलेलं नव्हतं. भुवयांच्या वर बोटभर अंतरावर रेघ मारल्यासारखा रंग बदलत होता, आणि त्याच्यावर दुधासारखं गोरं कपाळ, वर घामानं चकचकीत. मी पडदा पुढं धरला. उणे एक लावूनही कपाळाच्या मधोमध एक गोल पट्टा लुकलुकत होता. काळा, पांढरा, काळा, पांढरा.

मामांनी कॅमेरा जवळ नेला, लांब नेला. मामी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"अगं बया," मामी म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यात दिवा लागलाय की!"