तारखांच्या नोंदी: आता उदाहरणांची पाळी

सी, पर्ल, जावा आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषांमध्ये तारखा कशा हाताळायच्या, यावरच्या माझ्या मराठी नोंदी सध्या नव्याने लिहितोय. या खेपेला नियमांच्या मजकुराला फारसा हात लावला नाही, उदाहरणांतल्या तारखा तेवढ्या बदलल्या. माझ्या मते महत्त्वाचं काम तेच आहे, कारण वाचणारा आधी उदाहरण उचलतो आणि नियम अडल्यावरच बघतो.

'लोकलटाइम' घ्या, म्हणजे स्थानिक वेळेचं वर्ष, महिना, दिवस असे भाग करून देणारं फंक्शन. सी आणि पर्ल दोन्हींत ते वर्ष १९०० पासून मोजून देतं. १९९९ साली उत्तर यायचं ९९. ते पाहून अनेकांना वाटलं की हे सालाचे शेवटचे दोन आकडे आहेत, आणि त्यांनी पुढे १९ चिकटवलं. २००० उजाडलं, उत्तर आलं १००, आणि कित्येक वेबपानांवर साल १९१०० झळकलं. नियम लिहिलेला होताच, पण नव्वदच्या दशकातल्या तारखांनी तो झाकला. आता तिथे २०२४ घेतलंय. उत्तर येतं १२४, त्यात १९०० मिळवायचे. १२४ च्या पुढे १९ चिकटवायचा मोह कुणाला होणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ जावाच्या पानाला लागला. तिथे तारीख कशी छापायची ते सांगणाऱ्या फॉरमॅटमधला लहान वाय (y) म्हणजे कॅलेंडरचं वर्ष आणि मोठा वाय (Y) म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते वर्ष. आपण उदाहरणाला हमखास १५ ऑगस्ट घेतो, आणि त्या दिवशी दोन्ही सारखंच छापतात! म्हणून ३० डिसेंबर २०२४ घेतली. त्या दिवशी सोमवार होता. आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. तो गुरुवार २ जानेवारी २०२५ चा, त्यामुळे मोठा वाय छापतो ३० डिसेंबर २०२५. तारीख सरळ वर्षभर पुढे. २९ डिसेंबर मुद्दाम टाळली. तो रविवार, त्यामुळे अमेरिकी लोकॅलमध्ये (म्हणजे त्या देशाच्या सेटिंगमध्ये, जिथे आठवडा रविवारी सुरू होतो) २०२५ येतं आणि आयएसओत २०२४. त्यासाठी वेगळा परिच्छेद केलाय.

जावास्क्रिप्टमध्ये वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारखेची स्ट्रिंग (मजकूर) दिली, तर ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतली मध्यरात्र धरली जाते. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच, म्हणून तारीख बरोबर दिसते. न्यू जर्सीत हिवाळ्यात तीच ओळ आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात दाखवते. इथून पुढे असं प्रत्येक उदाहरण दोन्ही टाइमझोन लावून तपासूनच नोंदींत घेणार.

आता २०३८ चं पान उरलंय. १९७० च्या सुरुवातीपासूनची ३२ बिटांची सेकंदांची मोजणी १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८:४४:०७ ला संपते आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ मध्ये जाते. उदाहरण वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या शेवटच्या हप्त्याचं घेतोय, कारण ती तारीख आजच त्या मर्यादेपलीकडे जाते. ज्यांच्याकडे जुनं ३२ बिटांचं लिनक्स मशीन चालू आहे, त्यांनी ते चालवून काय छापलं जातं ते जरूर कळवा.