स्ट्रेंग्थन अपडेट: कॅमेऱ्याच्या चौकात तीन दिवस अडकले

मागच्या अपडेटमध्ये मी छाती ठोकून लिहिलं होतं की एरर लॉग (चुकलेल्या प्रश्नांची नोंद) सुरू केला आणि आठवड्याभरात माझं स्ट्रेंग्थन, म्हणजे जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेतले 'या युक्तिवादाला बळ कशाने मिळेल' या प्रकारचे प्रश्न, 20 पैकी 11 वरून 15 वर गेलं. ते वाक्य मागे घेतेय, का ते खाली येईलच. आधी तो प्रश्न, ज्याने माझे तीन दिवस खाल्ले.

जशाच्या तसा टाकत नाही, पण गोष्ट अशी. एका शहराने 20 चौकांत स्पीड कॅमेरे लावले, पुढच्या वर्षभरात त्या चौकांतले अपघात 30 टक्क्यांनी घटले, म्हणून कॅमेऱ्यांमुळे अपघात कमी होतात. खालचं काय खरं धरलं तर या म्हणण्याला सगळ्यात जास्त बळ मिळेल? ए: बहुतेक ड्रायव्हरना कॅमेरे ही चांगली कल्पना वाटते. बी: त्या वर्षी शहरात सगळीकडेच अपघात तेवढेच घटले. सी: कॅमेऱ्यांनी वर्षभरात हजारो गाड्यांना दंड ठोकला. डी: चौक निवडताना अपघातांचे आकडे पाहिले नव्हते, फक्त वाहनांची वर्दळ पाहिली होती. ई: कॅमेरा हवालदारापेक्षा स्वस्त पडतो.

ए आणि ई लगेच उडवले. बी तर उलट वीकन करतो, सगळीकडेच घटले तर कॅमेऱ्याचं काय कौतुक. राहिले सी आणि डी, आणि मी डी वाचून 'हॅ, चौक कसे निवडले याच्याशी काय संबंध' म्हणत सी ठोकला. चूक. उत्तर डी.

सी चा सापळा लवकर कळला. दंड झाला म्हणजे कॅमेरे चालू आहेत एवढंच कळतं, आणि हजारो लोक अजून सुसाट जातायत हेही कळतं, ते आपल्या बाजूने थोडंच आहे. पण डी काही केल्या पचेना. ज्या प्रश्नसंचात हा होता त्यातलं स्पष्टीकरण दोन ओळींचं, 'डी पर्यायी कारण दूर करतो'. अरे पण कुठलं कारण? या संचांचं मला हेच पटत नाही, चुकीच्या ऑप्शनवर 'आउट ऑफ स्कोप'चा शिक्का मारायचा आणि बरोबरच्यावर मोघम बोलून मोकळं व्हायचं. मग निगेशन टेस्ट लावली (ऑप्शन उलटा करायचा आणि आर्ग्युमेंट कोसळतं का बघायचं), तीही फसली, आणि फसणारच होती. ती असम्प्शनसाठी, म्हणजे युक्तिवादाने न बोलता धरलेलं गृहीतक शोधायच्या प्रश्नांसाठी असते. स्ट्रेंग्थनचं उत्तर खोटं ठरलं तरी आर्ग्युमेंट कोसळायलाच हवं असं कुठे आहे, त्याने फक्त थोडा टेकू द्यायचा असतो. हे मला माहीत आहे, तरी हात तिकडेच जातो.

तिसऱ्या रात्री सापशिडीचा फासा काढला. वहीत 30 चौक लिहिले आणि प्रत्येकासाठी एकदा फासा टाकला, जेवढे ठिपके तेवढे अपघात. पाच किंवा सहा आलेले 'धोकादायक' चौक निघाले 11, बेरीज 60. त्याच 11 चौकांसाठी परत फासा टाकला, बेरीज 38. म्हणजे जवळजवळ 37 टक्के घट, कॅमेरा एकही न लावता! एवढ्या रात्री मी एकटीच टाळी वाजवली तेव्हा आई उठून आली, "अगं, एकटीच काय सापशिडी खेळतेस?" तिला समजावलं की सगळ्यात वाईट वर्ष बघून चौक निवडले तर पुढचं वर्ष बहुतेक वेळा आपोआपच बरं निघतं, कारण त्या वाईट वर्षात थोडा नशिबाचाही भाग असतो. तर म्हणाली, "म्हणजे माझा काढाही उगाचच का?" मी म्हटलं आई, तू काढा कधी देतेस, ताप सगळ्यात जास्त असतो तेव्हाच ना. त्यावर जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही.

तर डी चं काम हे. चौक अपघात बघून निवडलेच नव्हते, म्हणजे घट नुसती 'वाईट वर्षानंतरचं साधं वर्ष' असण्याची शक्यता बरीच कमी झाली. सिद्ध काही होत नाही, दुसरी कारणं असू शकतात, पण एक मोठं भोक बुजलं. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, गाल्टनने 1886 मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलेलं तेच. नाव मला माहीत होतं हो, ऑप्शनमध्ये वेश बदलून आलं आणि ओळखलं नाही.

बाकी आठवडा बरा गेला. एक 'स्ट्रेंग्थन एक्सेप्ट' (बळ न देणारा एकच ऑप्शन शोधायचा) दीड मिनिटात सुटला, तो मी दोनदा परत वाचला, नुसता आनंद म्हणून. नव्या जीमॅटमध्ये व्हर्बलला 45 मिनिटांत 23 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, त्यात दीड म्हणजे चैन. (परीक्षा देऊन झालीय माझी, तरी चहाबरोबर रोज दोन सोडवल्याशिवाय चैन पडत नाही, आता शब्दकोड्यासारखंच झालंय.) सेन्टेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारायचे प्रश्न) नव्या परीक्षेतून गेल्याचं मला अजिबात दुःख नाही. अवघड सीआर (क्रिटिकल रीझनिंग, असेच युक्तिवादाचे प्रश्न) हवं असेल तर अजूनही माझं मत एलसॅट या लॉच्या प्रवेशपरीक्षेतल्या जुन्या लॉजिकल रीझनिंगलाच.

पुढच्या आठवड्यात बोल्डफेस (ठळक छापलेल्या वाक्यांचं युक्तिवादातलं काम ओळखायचं) करणार होते, ते रद्द. त्याऐवजी ऑप्शन वाचायच्या आधी प्रत्येक स्ट्रेंग्थनचा इव्हॅल्युएट प्रश्न करून बघायचा, म्हणजे 'मला अजून काय विचारायला हवं' ते एका ओळीत लिहायचं. इथे 'चौक निवडले कसे?' एवढं लिहिलं असतं तर डी समोरून चालत आला असता.

आणि हे टाइप करतानाच लक्षात आलं, एरर लॉग मी सुरू कधी केला? 11 वाल्या आठवड्यानंतर! माझ्या सगळ्यात वाईट आठवड्यानंतर!! म्हणजे 15 आले ते लॉगमुळे की फाशामुळे, देव जाणे. मीच कॅमेरा लावलेला चौक.

म्हणून प्लॅन परत बदलला. 40 ऑफिशियल प्रश्न काढलेत, प्रत्येकाआधी नाणं उडवायचं, काटा आला तर इव्हॅल्युएटची ओळ लिहून सोडवायचा, छापा आला तर न लिहिता, दोन्हीचे मार्क आणि वेळ वेगळ्या रकान्यांत. वहीतच, शीटमध्ये नाही, शीट उघडली की मी रंग देत बसते. आज सकाळी पहिलाच छापा आला आणि तो प्रश्न चुकला. अजून 39 बाकी आहेत, त्यामुळे गप्प बसलेय.