गोगलगायींची बेटं : कास-बामणोलीच्या रानात आणि महाबळेश्वरच्या घाटात

जुलैत कासला फुलं नसतात, म्हणून गर्दीही नसते. धुकं, आडवा पाऊस आणि जांभ्याच्या सड्यावर साचलेलं पाणी. पर्यटकांच्या गाड्या ऑगस्टच्या अखेरीस लागतील. आम्हाला मात्र हाच महिना हवा होता. माझी मैत्रीण गोगलगायींवर संशोधन करते. बामणोलीच्या अलीकडे डोंगरउतारावर एक देवराई आहे, तिथल्या गोगलगायींची नोंद ती दर पावसाळ्यात ठेवते. या खेपेला तिला वही धरायला माणूस हवं होतं. मी लगेच तयार झाले.

गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिची तशी विनंती आहे आणि मला ती पटते. हवाई बेटांवरच्या झाडांवर राहणाऱ्या रंगीत गोगलगायी एकोणिसाव्या शतकात हौशी संग्राहकांनी पोती भरभरून गोळा केल्या. जिथे एखादी जात एका ओढ्यापुरतीच उरलेली असते, तिथे दोन पिशव्या शंख उचलले तरी कायमचं नुकसान होतं.

साताऱ्याहून निघालो तेव्हा यवतेश्वरचा घाट पांढरा झाला होता. कासच्या पुढे रस्ता उतरायला लागतो आणि धुकं फाटलं की खाली शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी दिसतं. मुक्कामाच्या घरी पोचेपर्यंत दोघीही चिंब. काकूंनी चुलीपुढे पाट टाकले, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. काका वनखात्याच्या कामावर जायचे, आता घरची भातखाचरं बघतात. आमच्या चाळण्या, भिंगं, सुतळीची चौकट बघून म्हणाले, "आवं ताई, माणसं हितं गवा बघाय येत्यात. तुमी गोगलगाई बघाय आलाय व्हय?"

"गवा मोठा आहे काका, तो कुणालाही दिसतो," मैत्रीण म्हणाली. "हिच्याकडे कुणी बघतच नाही."

खरंच बघत नाही. सन १५०० पासून पृथ्वीवरून नामशेष झालेल्या प्राण्यांची जी नोंद आहे, तिच्यात सगळ्यात मोठा वाटा मृदुकाय प्राण्यांचा, म्हणजे गोगलगायी आणि शिंपल्यांचा आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी त्यांच्या मागे. आणि या मेलेल्या जातींपैकी बहुसंख्य बेटांवरच्या होत्या. मैत्रिणीने जपानच्या ओगासावारा बेटांवर एका पथकाबरोबर काम केलंय. टोकियोपासून हजारेक किलोमीटर दूर ही उपोष्ण बेटं, बोटीने चोवीस तास लागतात. तिथल्या जमिनीवरच्या गोगलगायींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. २०११ साली या बेटांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात गोगलगायींचा वाटा मोठा होता. पण चिचिजिमा या मुख्य बेटावर न्यू गिनीकडचा एक चपटा कृमी पोचला आणि त्याने गोगलगायी खाऊन जवळजवळ संपवल्या. आता शेजारच्या हाहाजिमाला जाणाऱ्या बोटीत चढण्यापूर्वी समुद्राचं पाणी मुरवलेल्या चटईवर बूट पुसावे लागतात. तो कृमी खाऱ्या पाण्यात मरतो. बुटाच्या खाचेतल्या चिखलाच्या गोळ्यात एका बेटाची नासाडी असू शकते, हे तिथे शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

म्हणून आमचे बूटही साताऱ्यातच घासून, धुऊन, वाळवून झाले होते.

अंधार पडल्यावर देवराईत शिरलो. पुढे काका, घोंगडीची खोळ घेतलेले, हातात बॅटरी. कडेला देवाच्या तांदळ्यापुढे त्यांनी हात जोडले, आम्हीही जोडले. आत जांभूळ, अंजन, हिरडा, त्यांच्यावर चढलेल्या वेली, आणि खाली कित्येक वर्षं कुणी न हलवलेला पालापाचोळा. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. जळवा भरपूर.

काम असं असतं. ठरावीक वेळ दोन माणसांनी खोडं, दगडांचे सांदे, कुजकी लाकडं शोधायची. दिसेल ती गोगलगाय जागेवरच मोजायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचा. मग सुतळीची चौकट टाकून तेवढ्यातला पाचोळा चाळायचा, कारण कित्येक जाती मोहरीच्या दाण्याएवढ्या असतात आणि डोळ्यांना नुसत्या सापडतच नाहीत. दगड उलटला तर तो होता त्याच खळग्यात, त्याच तोंडाने परत बसवायचा. याबाबत ती फार कडक आहे. सड्यावर दगड रचून मनोरे करणाऱ्या पर्यटकांबद्दल बोलताना तिचा आवाज चढतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. उन्हाळ्यात दगडाखाली जो ओलावा उरतो त्यावर खालचे जीव तग धरतात. दगड हलला की आडोसा गेला.

पहिली मोठी गोगलगाय अंजनाच्या खोडावर मिळाली. बॅटरीच्या उजेडात तिचा शंख मधाच्या रंगाचा दिसत होता. मैत्रिणीने मला जवळ बोलावलं. "वळण बघ." बहुतेक गोगलगायींचा शंख उजवीकडे वळतो, हिचा डावीकडे वळलेला. एरिओफँटा या वंशातल्या काही जातींचं असंच असतं. शंखाच्या वळणाबरोबर आतलं शरीरही फिरलेलं असतं, त्यामुळे श्वासाचं छिद्रही डाव्या अंगाला होतं. मी भिंग लावून बघत राहिले. कातडीत एक बारीक भोक हळूहळू उघडलं, थोडं थांबलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. लांब शिंगांच्या टोकाला काळे डोळे. पावसाचा थेंब एका शिंगावर पडला तसं तिने ते शिंग आत ओढून घेतलं, आणि मग तितक्याच सावकाश परत बाहेर काढलं.

थोड्या अंतरावर पाचोळ्यात दुसऱ्या घराण्यातली सापडली. हिचे डोळे शिंगांच्या बुडाशी, आणि शंखाच्या तोंडाला स्वतःचं झाकण. हात जवळ नेला तर आत जाऊन तिने झाकण ओढून घेतलं. डाव्या वळणाचीला झाकण नसतं. पाऊस संपला की ती खोडाच्या सालीखाली किंवा दगडाच्या सांदीत बसते, शंखाच्या तोंडावर चिकट द्रवाचा पडदा धरते आणि पुढच्या मृगापर्यंत तशीच झोपते. वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ ती अशी पाचोळ्यात, सालीखाली, निपचित असते. पुढे वणव्याचा विषय निघाला तेव्हा मला हीच गोष्ट आठवत राहिली.

रिकामे शंखही बघितले. ते सुद्धा बोलतात. तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळलेली असली तर ती पूर्ण वाढून मेली. शंख कुरतडलेला, कडा दातऱ्या असल्या तर उंदीर. पांढराफटक आणि ठिसूळ असेल तर जुना. मैत्रिणीने प्रत्येक शंख बघून परत टाकला, कारण जांभ्याच्या मातीत चुना कमी असतो आणि जिवंत गोगलगायी जुने शंख खरवडून आपल्या शंखासाठी चुना मिळवतात.

उंदरांची गोष्ट तिने तिथेच सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाऊ नावाचं बेट आहे. १९१८ साली एक जहाज किनाऱ्याशी अडकलं आणि त्यातले उंदीर बेटावर उतरले. पक्ष्यांच्या जाती गेल्या, मोठ्या शंखाच्या गोगलगायी संपत आल्या. शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, सगळ्या बेटावरचे उंदीर काढायची मोहीम झाली. शंभर वर्षं!

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती सांगते. आतली मोजणी झाल्यावर काकांनी आम्हाला देवराईच्या बाहेर नेलं. हद्दीच्या दगडापासून पन्नास पावलांवर गवताळ उतार, तोच पाऊस, तीच रात्र. तशीच चौकट टाकली, तितकाच वेळ शोधलं. पाचोळ्यातली एकही जात नाही. एकही. आतली गोगलगाय हे पन्नास पावलांचं उघडं अंतर ओलांडू शकत नाही. उन्हाळ्यात तिथे तिला लपायला सावली नाही, खायला कुजकं पान नाही. तिच्या दृष्टीने तो उतार म्हणजे समुद्रच. आपण साताऱ्याच्या पश्चिमेला एक सलग डोंगररांग बघतो, तिथे तिच्यासाठी विखुरलेली बेटं आहेत. ही देवराई एक, पलीकडच्या खोऱ्यातली दुसरी, आणि इकडचा जीव तिकडे पोचत नाही. एक बेट गेलं तर दुसरीकडून कुणी येऊन ते भरत नाही.

पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या अडीचशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश फक्त इथल्याच. अजून नव्या सापडतात. आंबोलीहून २०२१ मध्ये एका अर्धवट शंखाच्या गोगलगायीचं वर्णन प्रसिद्ध झालं, 'वरदिया आंबोलिएन्सिस', आणि तिच्यासाठी नुसती नवी जात नव्हे तर नवा वंशच करावा लागला.

परत आल्यावर चुलीपुढे ओले मोजे वाळवत बसलो. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पर ताई, गोगलगाय म्हंजी पिकाचा घात. तिकडं लातूर-बीडकडं सोयाबीन खाऊन टाकलं की."

खरं आहे ते. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. ज्याचं रोप गेलं त्याच्या रागाला कारण आहे. पण शेतात धुमाकूळ घालणाऱ्या गोगलगायींत जी सगळ्यात कुप्रसिद्ध, ती राक्षसी आफ्रिकन गोगलगाय मुळात पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली. तिथून कुंड्या, माती, विटा, रोपं यांच्याबरोबर ती देशभर गेली. देवराईतली पाचोळा खाणारी गोगलगाय आणि ही, यांचा एकमेकींशी तेवढाच संबंध जेवढा गव्याचा आणि उसातल्या डुकराचा.

"मग तिला खाणारं कायतरी सोडायचं," काका म्हणाले.

मैत्रिणीने हातातला कप खाली ठेवला. हेच हवाईत केलं गेलं होतं. आफ्रिकन गोगलगाय आवरायला १९५५ मध्ये अमेरिकेतली एक शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिने आफ्रिकन गोगलगाय काही संपवली नाही. झाडांवरच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेल्या स्थानिक गोगलगायी मात्र खाल्ल्या. पॉलिनेशियातल्या मोरिया बेटावर १९७७ मध्ये पुन्हा तेच केलं आणि दहा-पंधरा वर्षांत तिथल्या पार्टुला गोगलगायी रानातून नाहीशा झाल्या. प्राणिसंग्रहालयांत डब्यांतून जगवलेल्या काही पार्टुला अलीकडे तिकडे परत सोडतायत. हवाईतल्या एका जातीचा शेवटचा जीव, 'जॉर्ज' नाव दिलेला, १ जानेवारी २०१९ रोजी प्रयोगशाळेत मेला.

काका म्हणाले, "एकटाच व्हता?"

"एकटाच."

मग शेताबद्दल बोलणं झालं. बांधावर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी टाकायची, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या, बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढायचा. विषारी गोळ्या देवराईच्या अंगाला नकोतच, त्या आपलीतुपली बघत नाहीत. आणि माझी स्वतःची काळजी वेगळी आहे: कास ते महाबळेश्वर पट्ट्यात हॉटेलं आणि फार्महाउस वाढतायत, त्यांच्या बागांसाठी लांबच्या रोपवाटिकांतून मातीसकट रोपं येतात. त्या मातीत काय आहे हे कुणी बघत नाही.

वणव्याचं काकूंनीच काढलं. शिमग्याच्या सुमारास गवत चांगलं फुटावं म्हणून कुणीतरी उतार पेटवतं आणि आग देवराईच्या कडेपर्यंत येते. मागे एकदा आत शिरली होती. झाडं वाचली, लोकांना वाटलं काही गेलं नाही. पण पाचोळा जळाला, आणि त्या दिवसांत बऱ्याच गोगलगायी त्यातच झोपलेल्या असतात. मैत्रिणीच्या वहीत देवराईचा तो कोपरा अजून रिकामाच आहे. काकांनी सांगितलं, यंदा थंडीतच गावाकडून हद्दीभोवती जाळरेषा काढून घ्यायची, पोरांना लावतो कामाला. ते बोलले तसं करतात, असं काकू हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वरला गेलो. तिथलं मार्केट, पॉइंट याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गर्दीच फार. घाटात एका वळणावर काळ्या कातळावरून पाणी पाझरत होतं तिथे थांबलो. धबधबा नाही, नुसता ओला कडा. मैत्रिणीने भिंग टेकवलं आणि मला जागा करून दिली. शेवाळावर सेंटिमीटरही न भरणारे तपकिरी शंख चिकटून बसलेले, तुषारात भिजत.

क्रेम्नोकोंकस. यांचं सगळं घराणं समुद्राचं. कोकणातल्या खडकांवर भरतीच्या रेषेच्या वर जे छोटे शंख दिसतात ते यांचे भाऊबंद. त्या कुळात गोड्या पाण्यात राहणारा जगातला हा एकमेव वंश, आणि तो फक्त सह्याद्रीच्या कड्यांवर. भूगर्भ सर्वेक्षणातल्या ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये त्याला नाव दिलं. कड्याची ही ओली पट्टी पाच-सहा मीटर रुंद असेल. दोन्ही बाजूंना कोरडा दगड. वरून रस्ता रुंद करताना माती लोटली किंवा झरा पाइपात घालून हॉटेलला नेला, तर ही वस्ती तिथेच संपेल.

मैत्रिणीने नोंद केली, फोटो घेतले. निघताना मी तिला विचारलं, इतकी वर्षं हे मोजत राहायला बळ कुठून येतं. तिने ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटाचं सांगितलं. तिथली एक गोगलगाय नामशेष म्हणून यादीत गेली होती. २०२० मध्ये एका ओलसर घळीत ताडाच्या पडलेल्या झावळ्यांखाली ती जिवंत मिळाली. सिडनीच्या प्राणिसंग्रहालयात तिची पैदास करून पिल्लं पुन्हा बेटावर सोडली. "कुणीतरी झावळी उचलून बघितली म्हणून," ती म्हणाली.

या भागात पावसाळ्यात जाणार असाल तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोली सुमारे ३५ किलोमीटर आहे, रस्त्यावर धुकं असतं, दिवसाउजेडी जा. निघण्याआधी बूट धुऊन वाळवा. कोयना अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. देवराईत गावातलं माणूस सोबत घ्या. शंख दिसला तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, शंख तिथेच ठेवा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उतारावर धूर दिसला तर गाडी थांबवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.