दुसऱ्याचा डबा

दुपारी पोरगं झोपलं म्हणून ट्रॉली आवरायला घेतली, तर एक स्टीलचा डबा निघाला. आमचा नव्हे. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'सौ.' आणि पुढे बी विंगमधल्या मैत्रिणीच्या सासूबाईंचं नाव. मुलाला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा त्यातून मऊ भात आला होता. रिकामा कसा परत द्यायचा? म्हणून राहिला. आता काही केलं की देईन. मग तो पुन्हा भरून येईल, नि पुन्हा राहील.

ही मैत्रीण मिळाली ती कंपाउंडमधल्या घसरगुंडीपाशी. माझी एक खोड आहे. "आमचा अजून बोलत नाही हो" म्हटल्यावर जी "आमची तर गाणी म्हणते" म्हणते, तिच्याशी मी पाऊसपाण्यापलीकडे जात नाही. ही म्हणाली, "माझा भाऊ तीन वर्षांचा होईस्तोवर गप्प होता. आता फोन ठेवत नाही." झालं!

तसं आमचं बोलणं कधी पुरं होत नाही. "काल सासूबाई स्पष्टच म्हणाल्या की..." एवढ्यात तिची लेक मूठभर वाळू तोंडात घालते. ती परत येते तोवर माझा झोपाळ्यापाशी कोणालातरी चावलेला असतो. सासूबाई काय म्हणाल्या ते मला गणपतीपासून कळलेलं नाही. आता विचारायची सोयही नाही. त्या गावाहून परतल्यात आणि संध्याकाळी आमच्याच बाकावर बसतात.

आईच्या आणि समोरच्या खोलीतल्या काकूंच्या गप्पाही अशाच असायच्या. विरजण मागण्यापुरती ओळख, असं मला वाटे. आम्ही कुर्ल्याला चाळीत राहायचो. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. आई फोर्टात ऑफिसला, लोकल बंद, फोन लागेना. खोलीत पाणी शिरलं तसं काकूंनी आपल्या मुलांबरोबर आम्हा भावंडांनाही पोटमाळ्यावर चढवलं आणि पलंगावर स्टोव्ह ठेवून खिचडी टाकली. धाकट्याला मीठ कमी लागतं हे त्यांना ठाऊक होतं. कुठल्या अर्ध्या वाक्यात आईनं सांगितलं असेल कोण जाणे.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली, रुळांवरून चालत.

"पोरं जेवली?"

"जेवली. तू आधी साडी बदल."

गेल्या आठवड्यात नर्सरीचा फॉर्म भरत होते. आईवडील न सापडल्यास कोणाला कळवायचं? नाव, नंबर, नातं. नवरा दिवसभर ठाण्याला, आई आता कोकणात. बी विंगवालीचा नंबर मला पाठ होता, हे लिहितानाच कळलं. नात्यापुढे 'शेजारीण' लिहिलं, खोडलं. 'मावशी' लिहिलं.

तपासायला कोण येतंय!